घरी शिकणाऱ्या पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी व्याकरणाचा अभ्यासक्रम कसा निवडाल?

व्याकरणाचे पुस्तक मागितले की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "कितवीचं देऊ?" शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हा प्रश्न ठीक आहे. घरी शिकणाऱ्या मुलासाठी तो फसवा आहे. अकरा वर्षांचे पोर वाचनात आठवीच्या पुढे आणि लिहिण्यात चौथीच्या आसपास, हे घरशाळेत नेहमीचे चित्र. वर आपण कोल्हापुरातले, म्हणजे घरात कोल्हापूरची बोली. तिच्यामुळे काही धडे मुलाला अवघड जातात, पण पुस्तक लिहिणाऱ्याला ते सोपे वाटलेले असतात. त्यामुळे इयत्ता बाजूला ठेवा आणि आधी मुलाची वही बघा.

पायरी १ : खरेदीआधी तीन नमुने घ्या

एका आठवड्यात तीन गोष्टी जमवा.

पहिली, बोलणे. मुलाला एखादा प्रसंग सांगायला लावून फोनवर पाचेक मिनिटे रेकॉर्ड करा आणि त्यातली दहा वाक्ये जशीच्या तशी उतरवून काढा. सुधारायची नाहीत.

दुसरी, स्वतंत्र लेखन. विषय साधा द्या, साधारण सव्वाशे शब्द, वेळ अर्धा तास. 'माझा आवडता ऋतू' देऊ नका, तो निबंध मुलांनी कुठेतरी वाचलेला असतो. 'काल संध्याकाळी काय काय केलं' हा विषय बरा.

तिसरी, श्रुतलेखन, साठ शब्दांचे.

समजा, स्वतंत्र लेखनात असे आले:

"काल मी आणि दादा रंकाळ्यावर गेलो. तिथं मी भेळ खाल्लो. दादानं मला पाणिपूरी घेऊन दिला. मग आमी घरी आलो आईने आमाला विचारली की कुठ गेलता."

लाल पेन घेतला तर इथे आठ-दहा खुणा होतील आणि मूल वही मिटेल. त्याऐवजी चुकांच्या जाती लावा. 'भेळ खाल्लो', 'पाणिपूरी दिला', 'आईने विचारली' या तीन वेगळ्या चुका दिसतात, पण मूळ एकच. तिन्ही ठिकाणी क्रियापदाचे रूप कर्त्यामागे गेले आहे, म्हणजे कर्त्याप्रमाणे बदलले आहे. प्रमाण मराठीत ते कर्मामागे जाते: भेळ खाल्ली, पाणीपुरी दिली. कर्म म्हणून नामाऐवजी अख्खे वाक्य आले, तर नपुंसकलिंगी: विचारले. 'पाणिपूरी' ही ऱ्हस्व-दीर्घाची अडचण. 'आमी', 'आमाला' यांत कानाला न ऐकू येणारा 'ह' गळाला. 'आलो' आणि 'आईने' यांच्यामध्ये पूर्णविराम नाही. 'गेलता' म्हणजे 'गेला होतात', बोलीतला जोड. 'तिथं' आणि 'दादानं' यांना मात्र चूक मोजू नका. संवादात हे अनुस्वार चालतात, निबंधात 'तिथे', 'दादाने' लिहायचे, एवढे सांगून सोडा.

तिन्ही नमुन्यांवरून एक तक्ता करा: क्रियापदाचा मेळ, सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचे होणारे रूप, 'फूल'चे 'फुला-'), ऱ्हस्व-दीर्घ, ण-न आणि ह, विरामचिन्हे, अर्धवट वाक्ये. प्रत्येकापुढे आकडा. ज्या दोन रकान्यांत आकडे सर्वांत मोठे, ते धडे ज्या पुस्तकात नीट आहेत ते तुमचे पुस्तक. अलंकारांची किती पाने आहेत ते नंतर बघता येईल.

पायरी २ : पुढे कुठे जायचे ते ठरवा

राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायची असेल, तर परिभाषा लागणारच. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या सध्याच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी १६ गुण भाषाभ्यासाला आणि २४ उपयोजित लेखनाला आहेत. म्हणजे समास ओळखण्यापेक्षा नीट पत्र आणि बातमी लिहिण्याला जास्त गुण, तरी बहुतेक घरांत वेळ मात्र उलट्या प्रमाणात जातो.

मुक्त विद्यालयातून पाचवी किंवा आठवीची परीक्षा द्यायची असेल, तर त्या मंडळाचे अभ्याससाहित्य आधी पाहा, व्याकरणाचे पुस्तक नंतर. मधेच सीबीएसईच्या शाळेत घालायचा विचार असेल, तर लक्षात ठेवा की महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला आहे. इंग्रजीतून शिकवताय म्हणून मराठी व्याकरण सोडून दिले, तर तिथे अडेल.

पायरी ३ : बाजारात काय काय मिळते

बालभारतीची पुस्तके पाया म्हणून घ्याच. ती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि छापील प्रतींसाठी मंडळाचे एक भांडार कोल्हापुरातही आहे. मराठी माध्यमाची 'बालभारती' आणि इतर माध्यमांची 'सुलभभारती' यांत गल्लत करू नका. घरात मराठी बोलत असाल तर पहिलीच घ्या. या पुस्तकांची उणीव अशी की व्याकरण धड्यांच्या शेवटी चौकटींत विखुरलेले असते. शाळेत शिक्षक ते जोडून घेतात, घरी ते काम तुमच्याकडे येते. सराव तर हमखास कमी पडतो, म्हणून सोबत एक सरावपुस्तक लागते.

स्पर्धा परीक्षांची जाड व्याकरणे आणू नका. बाराव्या वर्षी मुलाला समासाचे उपप्रकार पाठ असतात आणि 'विटेला' की 'विटीला' हे विचारावे लागते, ते अशा पुस्तकांमुळे. तुमच्या स्वतःच्या संदर्भासाठी एखादे कपाटात असू द्या, शंका निघाली की उपयोगी पडते.

आजोबांच्या ट्रंकेतले व्याकरणही नको. त्यात 'नांव', 'कांही', 'पांच' असे अनुस्वार दिसले, तर ते १९६२ च्या लेखननियमांआधीच्या वळणाचे आहे.

शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका महिन्यातून एकदा सरावाला चांगल्या. पण सगळे पर्यायी प्रश्न. मूल योग्य गोलाला काळे करायला शिकेल, वाक्य लिहायला शिकणार नाही.

पायरी ४ : दुकानातच दहा मिनिटांत पुस्तक तपासा

महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत, पुस्तक हातात आले की अनुक्रमणिका वाचत बसू नका. पुढची पाने उघडा.

वर्णमालेचे पान. नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानुसार मराठीत १४ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजने आणि २ विशेष संयुक्त व्यंजने (क्ष, ज्ञ) असे ५२ वर्ण आहेत, 'ॲ' आणि 'ऑ' धरून. ४८ वर्ण आणि १२ स्वर दिसले तर मजकूर जुना आहे, आवृत्तीचे साल काहीही छापलेले असो. एवढ्यावरून पुस्तक टाकून देऊ नका, पण बाकीची पाने जास्त बारकाईने बघा.

सामान्यरूपाचे पान. इथे पुस्तकाची खरी किंमत कळते. नुसती 'फूल - फुलाला, मूल - मुलाला' अशी यादी असेल तर ते पाठांतराचे पुस्तक. कारण दिलेले हवे: शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागून रूप बदलले की तो ऱ्हस्व होतो. मग मुलाला नवा शब्द दिला तरी जमते. गूळ - गुळाचा, ऊस - उसाचा, वकील - वकिलाला. चांगले पुस्तक इथे थांबत नाही, पुढचे वळणही दाखवते: तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधला ई-ऊ गळून तिथे 'अ' येतो. लाकूड - लाकडाला, बेरीज - बेरजेत आणि आपल्याकडचा रोजचा शब्द, तालीम - तालमीत. 'तालिमीत' कोणी म्हणत नाही, पोराला ते आधीच माहीत आहे, फक्त नियम माहीत नाही. आणि 'गुण', 'मधुर' हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द 'गूण', 'मधूर' का होत नाहीत, हेही त्या पानावर किंवा शेजारच्या पानावर असायला हवे.

प्रयोगाचे पान. कर्मणी प्रयोग म्हणजे इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस, असे छापले असेल तर पुस्तक परत ठेवा. 'दादाने आंबा खाल्ला' हा मराठीत सरळ कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. त्याचेच इंग्रजी वाक्य ॲक्टिव्ह असते. ही गल्लत एकदा डोक्यात बसली की दोन्ही भाषांचे धडे बिघडतात.

सराव. कोणतीही सलग दहा पाने घ्या आणि प्रश्न मोजा. 'ओळखा', 'जोड्या लावा', 'व्याख्या लिहा', 'रिकाम्या जागा भरा' हे एका बाजूला, 'स्वतःचे वाक्य लिहा', 'बदलून लिहा', 'उताऱ्यात दुरुस्त करा' हे दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू निदान एक तृतीयांश हवी. आठव्या धड्याच्या सरावात तिसऱ्या धड्यातले काही विचारले आहे का, तेही पाहा. नसेल तर मूल प्रत्येक धडा शिकून विसरणार.

उत्तरे. शाळेसाठीच्या पुस्तकांत ती नसतात. घरशाळेला लागतात आणि नुसती नाही, कारणासह.

पटकन ठरत नसेल तर आधी ग्रंथालयात बसून चाळा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथे अर्धा तास बसून दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की फरक दिसतो.

पायरी ५ : पुस्तकाचा क्रम मोडा

बरीच व्याकरणे वर्णविचाराने सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच संधी येते. ही संस्कृत व्याकरणाची परंपरा आहे, दहा वर्षांच्या मुलाची सोय नाही. 'सूर्योदय' फोडायला मुलाला आधी तत्सम शब्दांचा थोडा साठा लागतो. संधी सातवीच्या शेवटी किंवा आठवीत घ्या. वृत्ते आठवीपर्यंत राहिली तरी काही बिघडत नाही.

सुरुवात नाम, लिंग आणि वचनाने. लिंग शिकवताना व्याख्या नको, तो-ती-ते लावून बघायचे: तो गूळ, ती मिसळ, ते गुऱ्हाळ. त्यानंतर लगेच सामान्यरूप आणि मगच विभक्ती. काही पुस्तके उलट क्रम लावतात आणि मूल 'तालीमला', 'चप्पलला' लिहू लागते. स्त्रीलिंगी अकारान्त शब्दांत पेठ - पेठेत पण मिसळ - मिसळीत, वीट - विटेला पण भिंत - भिंतीला. याला धड नियम नाही, कानच शिकवतो. घरात दिवसभर मराठी कानावर पडणाऱ्या मुलाला ही बाजू आयती मिळते.

विभक्तीनंतर सर्वनाम आणि विशेषण पटकन उरकतात. क्रियापद, काळ आणि प्रयोग यांना भरपूर वेळ द्या. अव्यये शेवटी. शब्दांच्या जाती पक्क्या झाल्या की नाही हे व्याख्या विचारून कळत नाही. 'वर' हा एकच शब्द तीन वाक्यांत द्या: 'मांजर टेबलावर बसले', 'मांजर वर बसले', 'देवाने वर दिला'. पहिल्यात शब्दयोगी अव्यय, दुसऱ्यात क्रियाविशेषण, तिसऱ्यात नाम. का, ते मुलाला सांगता आले तर धडा झाला. व्याख्या धडाधड म्हणून इथे अडकणारी मुले भरपूर.

पायरी ६ : कोल्हापूरच्या मुलासाठी तीन आठवडे जास्तीचे

आपल्याकडे 'मी भाकरी खाल्लो', 'मी त्याला सांगितलो', 'मी पिक्चर बघितलो' हे सर्रास ऐकू येते. अनेक मुलीही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. बोलीत हे नियमबद्ध आहे, अडाणीपणा नाही. पण पुस्तक गृहीत धरते की मुलाच्या कानात 'खाल्ली' आधीपासून आहे, धड्याचे काम फक्त त्याला 'कर्मणी' हे नाव देण्याचे. आपल्या मुलाच्या कानात ते नसते. मग 'क्रियापद कर्माप्रमाणे बदलते' हे वाक्य त्याला खोटे वाटते, कारण त्याच्या तोंडी ते बदलत नाही. म्हणून पुस्तकात या धड्याला एक आठवडा दिलेला असला तरी चार धरा.

पद्धत अशी. वहीच्या पानाला मधोमध रेघ. डावीकडे 'घरात', उजवीकडे 'कागदावर'. डावीकडे मुलाचेच रेकॉर्ड केलेले वाक्य, उजवीकडे त्याचे लेखी रूप. रोज पाच. क्रियापदे नेहमीची घ्या: खाणे, करणे, देणे, घेणे, सांगणे, बघणे, लिहिणे, वाचणे, आणणे, ठेवणे. प्रत्येकाला तीन कर्मे, तीन लिंगांची: मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले. कर्त्याच्या जागी 'मी', 'तू', 'दादाने', 'आक्काने' फिरवा, क्रियापद हलत नाही हे डोळ्यांना दिसू द्या. 'तू'बरोबर प्रमाण भाषेत 'खाल्लीस' असा स् लागतो, तेवढा अपवाद बाजूला लिहून ठेवा.

दोन आठवड्यांनी उलटी चूक सुरू होईल, तयार राहा. मूल 'मी मराठी बोलली', 'मी धडा शिकला' लिहील. बोलणे, शिकणे, विसरणे, पिणे, जेवणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही कर्त्यामागेच राहतात: मी धडा शिकलो, मी पाणी प्यालो. यांची वेगळी यादी भिंतीवर लावा. सरावपुस्तकात ही यादी असेल तर तो मोठा गुण समजा.

'घरात'चा रकाना पुसून टाकायचा नाही आणि त्याला 'चूक' म्हणायचे नाही. आजी तसेच बोलते. आजी चुकते असे कळले की मूल एकतर आजीला दुरुस्त करू लागते किंवा तुमचे ऐकेनासे होते.

ण-न साठी वेगळे पुस्तक नको. 'पाणी, लोणी, आणि, कोण, पण, म्हणून' असे वीस शब्द आठवडाभर रोजच्या श्रुतलेखनात फिरवत ठेवले की पुरते.

पायरी ७ : इंग्रजी आणि हिंदी

एकाच आठवड्यात एकच घटक दोन भाषांत घेऊ नका. नाम मराठीत झाले की दोन-तीन आठवड्यांनी इंग्रजीत घ्या, तोवर कल्पना मुरलेली असते. जिथे भाषा वेगळ्या वागतात तिथे अंतर आणखी वाढवा. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येऊन चिकटते, इंग्रजीतले प्रीपोझिशन आधी आणि सुटे. इंग्रजीतल्या 'a', 'the' यांना मराठीत जोडीच नाही, त्यांचा सराव दुप्पट लागतो.

अमेरिकी घरशाळांसाठी बनवलेली इंग्रजी व्याकरणे मागवावीशी वाटतात, कारण पालकांनी काय बोलायचे तेसुद्धा काहींत लिहून दिलेले असते. मागवण्याआधी स्पेलिंगचा आणि अवतरणचिन्हांचा फरक परवडेल का ते ठरवा, आपल्या परीक्षांत ब्रिटिश वळण चालते. काहींत वाक्याची रेघांनी आकृती काढायची रीड-केलॉग पद्धत असते, १८७७ च्या सुमाराची. चित्रांतून विचार करणाऱ्या मुलांना ती आवडते. मराठी वाक्याला ती जशीच्या तशी लावू नका, आपले क्रियापद शेवटी येते आणि आकृती ओढूनताणून होते. मराठीसाठी साधे वाक्यपृथक्करण बरे.

हिंदीत घोटाळा होतो तो लिंगाचा. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. आपले 'ते पुस्तक' तिकडे स्त्रीलिंगी, 'ते दही' पुल्लिंगी. एक तक्ता पुरतो.

पायरी ८ : वेळ आणि वही

आठवड्यात चार दिवस, रोज पंचवीस मिनिटे. त्यातली दहा नव्या भागाला, दहा लिहायला, पाच जुन्याला. वर्षाचे ३२ आठवडे धरा, त्यातले सहा उजळणीला राखून ठेवा. उरलेल्या २६ आठवड्यांत १८-२० धडे होतात. पुस्तकात चाळीस धडे असतील तर ते दोन वर्षांचे आहे, हे आधीच मान्य करा.

दर आठवड्याला एक परिच्छेद स्वतंत्र लेखन, आणि त्यात फक्त त्या आठवड्यात शिकवलेलीच चूक दाखवायची. बाकीच्या दिसल्या तरी गप्प बसायचे. पालकांना सगळ्यात जड जाते ते हेच. शनिवारी 'पुढारी'तली खेळाची एक बातमी घेऊन कर्मणी क्रियापदांखाली रेघा मारायला लावा. कुस्तीच्या बातमीत 'बाजी मारली', 'गदा पटकावली' हे पावलोपावली सापडते.

दोन पुस्तके एकदम वापरत असाल तर परिभाषा एकाचीच ठेवा. काळांचे उपप्रकार आणि प्रयोगांचे पोटभेद प्रत्येक लेखक आपापल्या रीतीने मांडतो. दोन्ही बरोबर असले तरी मुलाला वाटते की कोणीतरी चुकले आहे.

पायरी ९ : सहा आठवड्यांनी निकाल

तोच सव्वाशे शब्दांचा प्रकार पुन्हा लिहून घ्या, विषय नवा. तक्ता पुन्हा भरा आणि फक्त शिकवून झालेल्या रकान्यांची तुलना करा. स्वतंत्र लेखनात आकडा निम्म्यावर आला असेल तर पुस्तक ठेवा. सरावातली उत्तरे बरोबर पण लेखनात चुका तेवढ्याच असतील, तर पुस्तक बदलून उपयोग नाही. त्यात लिहायला लावणारे काही नाही एवढाच अर्थ, ते तुम्ही वरून घाला. सरावातच निम्म्याहून जास्त चुकत असेल तर एक पायरी खालचे पुस्तक आणा. मुखपृष्ठावरच्या 'इयत्ता चौथी'वर कागद चिकटवला की सातवीच्या वयाचे मूल कुरकुर न करता ते सोडवते.